फूटपाथ सोसायटीचा पहिला प्रयोग

"अजून मळकं पाहिजे," दातीरसर म्हणाले. "कुमुद, तू फूटपाथवर राहणारी बाई वाटतच नाहीस. हळदीकुंकवाला निघाल्यासारखी वाटतेस."

माझ्या अंगावर आईचं जुनं इरकल होतं. ते मी मुद्दाम अंगणात लोळवून आणलं होतं, तरी सरांचं समाधान होईना. तालीम थांबली, बाकीचे चहाला पांगले आणि सर माझा पदर चिमटीत धरून उजेडात बघत राहिले. मग त्यांना एकदम सुचलं. म्हणाले, जिन्याखालची ती तायव्वा आहे ना, तिचंच लुगडं घेऊन ये. तिला नवं दे, जुनं घे. तिचंही भलं होईल आणि आपलंही काम होईल.

नाटकाचं नाव होतं 'फूटपाथ सोसायटी मर्यादित'. सरांनीच लिहिलेलं आणि सरच बसवत होते. दिवसा बँकेत अधिकारी आणि संध्याकाळी आमच्या तालुक्याचे एकमेव नाटककार, असा त्यांचा दुहेरी मान होता. फूटपाथवरची माणसं एकत्र येऊन गृहनिर्माण संस्था काढतात, चेअरमन निवडतात, देखभालीचा खर्च मागतात, गटारासमोरच्या जागेला हवेशीर म्हणून जास्त भाव लावतात, अशी सगळी गंमत. दुसऱ्या अंकात पालिकेचं पथक येऊन सोसायटी उधळून लावतं. मी त्यात केरसुण्या विकणारी रखमा, संस्थेची सेक्रेटरी. खोटं कशाला बोलू, नाटक विनोदी होतं आणि तालमीत मीही पोट धरून हसले आहे.

वीज मंडळाच्या बिलाच्या खिडकीत बसून बसून माझ्या जिभेला धार आली होती. तीच सरांनी रखमाला दिली, असं नाट्यमंडळातले सगळे म्हणत. पण रखमाची निम्मी वाक्यं माझी नव्हती आणि सरांचीही नव्हती. सर संध्याकाळी स्कूटर लावताना तायव्वाशी चार शब्द बोलत आणि वर येऊन तेच रखमाच्या तोंडी घालत.

पालिकेच्या नाट्यगृहाला पुढच्या बाजूला रुंद दगडी जिना होता. त्याच्याखालच्या पोकळीत तायव्वा आणि तिची सासू राहायच्या. ओढ्याकाठची त्यांची झोपडी रस्ता रुंद करताना गेली होती आणि नवरा त्याच्याही आधी गेला होता. तायव्वा शिंदीची पानं तोडून आणायची, वाळवायची, झोडपायची आणि केरसुण्या बांधायची. प्रत्येक केरसुणीच्या गळ्याशी लाल चिंधीचा एक वेढा द्यायची. वर्षभर लोक प्लॅस्टिकचे झाडू घेतात, पण लक्ष्मीपूजनाला केरसुणीच लागते. तिला हळदीकुंकू वाहून पाटावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी होत नाही. त्यामुळे दसरा झाला की तायव्वाचा हात थांबत नसे. जिन्याखाली केरसुण्यांचा ढीग छताला टेकायला आला होता.

मी नवं लुगडं घेऊन गेले तेव्हा तिने आधी काठ बघितला, मग मला बघितलं.

"फाटकं घालून काय करणार, अक्का?"

नाटकात लागतं म्हटलं. तिला हसू आलं. मग ती स्वतःहून सांगायला लागली. वेशीपलीकडे पत्र्याची एक खोली तिने बोलून ठेवली होती. लक्ष्मीपूजनापर्यंत केरसुण्या खपल्या, की पाडव्याला खोलीत चूल मांडायची. "म्हातारी थंडीत जिन्याखाली ऱ्हायली तर उन्हाळा बघायची न्हाई," ती म्हणाली. "एवढा ढीग गेला की झालं. उद्या या, लुगडं देतो."

दुसऱ्या दिवशी तिने लुगडं दिलं. स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं आणि नीट घडी घातलेलं. दुसऱ्याला द्यायचं ते मळकं कसं द्यावं, असं तिचं म्हणणं. सरांनी ते बघून कपाळाला हात लावला. मळासाठीच तर घेतलं होतं, आणि बाईने नेमका मळच काढून टाकला. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यावर चहाचं पाणी शिंपडलं, कोळसा चोळला, काठ ब्लेडने ओरबाडले. मी ते नेसून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, आता कशी अस्सल दिसतेस.

पहिला प्रयोग वसुबारसेला ठेवला होता. नगराध्यक्ष सपत्नीक येणार होते, शेजारच्या गावांतली नाट्यमंडळीही येणार होती. मी दुपारी रंगभूषेला पोचले तर जिन्याखाली कुणी नव्हतं. फरशी धुतलेली, भोवती रांगोळी आणि जिथे म्हातारी अंथरूण घालायची तिथे शेवंतीच्या कुंड्या.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक शिंगटे कुंड्या सरळ करत होते. मी विचारलं. ते म्हणाले, सकाळी पालिकेची ट्रॉली आली होती, अतिक्रमण उचललं. तायव्वा पहाटेच पानं तोडायला ओढ्याला गेली होती, तिला अजून काही कळलेलं नव्हतं. म्हातारीचं काय केलं, विचारलं. दोघेजण तिला धरून एसटी स्टँडच्या कट्ट्यावर बसवून आले होते. मी त्यांना चार शब्द सुनावले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझ्यावर कशाला चिडता, ताई? तुमच्याच सरांनी सांगितलं होतं."

मी तशीच वर गेले. सर आरशासमोर नव्या झब्ब्याची बटणं लावत होते.

"तायव्वाला तुम्ही हाकललंत?"

"मी हाकललं म्हणू नकोस. मी एवढंच म्हटलं, पाहुणे येणार आहेत, समोरचं जरा आवरून घ्या." त्यांनी शेवटचं बटण लावलं. "आणि हे बघ, आता ऐनवेळी डोकं फिरवून घेऊ नकोस. प्रयोग झाला की बघू. अगं, तिच्याच प्रश्नावर तर आपण नाटक करतोय."

माझा असा संताप झाला की समोरचा पावडरचा डबा त्यांच्या डोक्यात घालावा. पण तिकिटं खपली होती, खाली माणसं जमायला लागली होती, आणि रंगमंचावर एकदा नाव दिलं की मेल्याशिवाय माघार नाही, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी शिंगट्यांना बजावून ठेवलं, की तायव्वा आली तर तिला सांगा, तुझं सामान मी शोधून देते. मग ते कोळसा चोळलेलं लुगडं नेसले आणि तिसऱ्या घंटेला विंगेत जाऊन उभी राहिले.

पडदा उघडला. मी बोलत बोलत रंगमंचावर आले आणि माझं पहिलं वाक्य तोंडातच राहिलं. रखमाच्या जागेवर तालमीत पाचसहा जुने खराटे असायचे. त्या दिवशी तिथे ताज्या केरसुण्यांचा ढीग होता, आणि प्रत्येकीच्या गळ्याशी लाल चिंधी होती.

मध्यंतरात मी सरांना गाठलं. त्यांना तर अभिमानच वाटत होता. ट्रॉली दारातच उभी होती म्हणे, त्यांनी सांगून ढीग उतरवून घेतला, नाहीतर पालिकेच्या डेपोत पडून कुजला असता. "सेटला काय जिवंतपणा आलाय बघ." मी म्हटलं, पथकाच्या प्रवेशात यांना कुणी हात लावायचा नाही. एकही मोडायची नाही. प्रयोग संपला की जशाच्या तशा तिच्या तिला द्यायच्या. सर म्हणाले, हो हो, सांगतो सगळ्यांना. समोरून कुणीतरी अभिनंदन करायला आलं आणि ते हसत हसत त्याच्याकडे वळले.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या अंकात पथक आलं. पुढे आमचा गुळवणी, पालिकेचा साहेब झालेला. हा देवमाणूस एरवी मुंगीसुद्धा चुकवून चालतो. त्याने तालमीतल्या सवयीने पहिली केरसुणी उचलली आणि गुडघ्यावर मोडली. मग दुसरी. मी पुटपुटले, "गुळवणी, मोडू नका." त्याला ते नाटकातलंच वाटलं. त्याने तिसरी पिरगाळून भिरकावली, आणि मागे सरकताना त्याचा पाय खाली पडलेल्या एका केरसुणीला लागला.

पाय लागल्याबरोबर गुळवणी चटकन वाकला, केरसुणीला हात लावून तो कपाळाला नेला आणि लक्ष्मीची क्षमा मागितली. जन्माची सवय, त्याच्या ध्यानातही आलं नसेल. मग सरळ होऊन त्याने पुढची मोडायला घेतली.

नाट्यगृह अक्षरशः कोसळलं. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. विंगेतून सर बोट फिरवून खुणावत होते, पुन्हा कर, पुन्हा कर. आणि गुळवणीने पुन्हा केलं. एकीला लाथ, तिलाच नमस्कार. मोडायची आणि पाया पडायचं. प्रत्येक वेळी हशा वाढत होता.

माझ्या कानशिलातून आग निघाली. मी त्याच्या हातातली केरसुणी हिसकावली आणि त्याला ढकललं.

"बास. पुरे झालं," मी म्हटलं, आणि पुढे येऊन लोकांकडे तोंड केलं. "या केरसुण्या नाटकातल्या नाहीत. या तायव्वाच्या आहेत. ती या नाट्यगृहाच्या जिन्याखाली राहत होती. तुम्ही येणार म्हणून आज सकाळी तिला उचललं. तिची म्हातारी सासू स्टँडवर बसली आहे. हे नाटक नाही, मी खरं सांगतेय."

 मग पहिल्या रांगेत नगराध्यक्षांनी मांडीवर थाप मारली आणि जोरात हसले. त्यांचं बघून सगळे हसले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी म्हटलं, हसू नका. ते आणखी हसले. मी नगराध्यक्षांकडे बोट करून म्हटलं, तुमचीच ट्रॉली होती ती, तर ते उठून उभे राहिले आणि मला दाद म्हणून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या तोंडावर आपली टिंगल सहन करणारा दिलदार माणूस, असं त्यांना दिसायचं होतं आणि ते तसे दिसलेही.

या लोकांना सांगून काही उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आलं. मोडक्या तिथेच टाकल्या, धडक्यांतल्या मावल्या तेवढ्या दोन्ही हातांत कवटाळल्या, काखेत मारल्या आणि रंगमंचाच्या पायऱ्या उतरून मधल्या वाटेने दाराकडे निघाले. बाहेर न्यायच्या, तायव्वा दिसेल तिथे तिच्या हवाली करायच्या, मग नाटकाचं काय व्हायचं ते होवो.

पहिल्या दोन रांगा ओलांडल्या असतील, तोच एका आजीबाईंचा हात पुढे आला. मला वाटलं, ओझं सावरायला मदत करताहेत. त्यांनी माझ्या काखेतली एक केरसुणी अलगद ओढून घेतली, डोळे मिटून कपाळाला लावली आणि शेजारणीला म्हणाल्या, "वसुबारसेला लक्ष्मी चालत आली बघ."

मग सगळीकडून हात आले. मंडळाने दिवाळीची भेट म्हणून केरसुण्या वाटायला काढल्या आहेत, असाच सगळ्यांचा समज झाला. आणि लक्ष्मी दारात आली असताना नको कोण म्हणणार? मी ओरडत होते, घेऊ नका, या विकायच्या आहेत, या दुसऱ्याच्या आहेत. बायका हसत मान डोलवत होत्या आणि ओढून घेत होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी धक्काबुक्की केली नाही. प्रत्येकीने आधी केरसुणी कपाळाला लावली आणि मगच मांडीवर घेतली. इतक्या भक्तिभावाने लुटलेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नाही. एक सोडवायला जावं तर दुसरीकडून दोन जात, आणि रंगमंचावर उरलेल्या पुढच्या रांगांतल्या बायकांनी स्वतःच उचलून आणल्या. दारापाशी पोचले तेव्हा माझ्या हातात एकच राहिली होती, आणि ती दारालगतच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ दोन बोटांनी ओढत होते.

दारात तायव्वा उभी होती. रखवालदाराने तिचा दंड धरलेला होता. तिच्या पायांना ओढ्याचा चिखल होता आणि खांद्यावर शिंदीच्या ओल्या पानांचा भारा तसाच होता. स्टँडवर म्हातारीला बघून ती धावत आली असणार.

तिने आधी खुर्च्यांकडे पाहिलं. रांगांमधून लोकांच्या मांड्यांवर तिच्या केरसुण्या होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिने स्वतः धुऊन दिलेलं लुगडं माझ्या अंगावर होतं, कोळशाने काळं केलेलं. हातात तिची केरसुणी होती आणि ती मी एका परक्या माणसाला देत होते. तिला तेवढंच दिसलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

तिने भारा खाली टाकला, रखवालदाराचा हात झटकला आणि माझ्या थोबाडीत दिली.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आवाज पार रंगमंचापर्यंत गेला असेल, कारण मागे एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहून मागे वळून बघत होते. "काय नैसर्गिक काम करते ही बाई," कुणीतरी म्हणालं. मी गालावर हात धरून उभी होते. मला तिचा राग आला नाही. मला त्या टाळ्यांचा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

तायव्वा रांगांत शिरली. एकेकाच्या मांडीवरून केरसुण्या उचलायला लागली. काहींनी हसत परत दिल्या, काहींनी गंमत म्हणून पाठीमागे लपवल्या. मीही दुसऱ्या बाजूने ओढत सुटले. पुढे नगराध्यक्षांच्या पत्नीने आपली केरसुणी काही केल्या सोडली नाही.

"असं काय करतेस, बाई? हातात आलेली लक्ष्मी परत द्यायची नसते. सणासुदीचं अपशकुनी वागू नये."

"लक्ष्मी तुमची," तायव्वा म्हणाली. "माझी ती खोली हाय. सोडा, वहिनीसाब."

या वाक्यावर तर नाट्यगृह उठून उभंच राहिलं. सरांनी विंगेतून खूण केली आणि टाळ्यांच्या गजरात पडदा पडला. लोक बाहेर पडायला लागले. काखेत, पिशवीत, पदराखाली केरसुण्या घेऊन घरी निघाले. तायव्वाला परत मिळाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही बऱ्याच ओढाताणीत विस्कटलेल्या. तिने त्या लुगड्याच्या धडप्यात बांधल्या आणि भारा उचलला. मी मागे धावले, सांगायचा प्रयत्न केला. ती वळली नाही. तिने का वळावं, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवरून रजा टाकली. स्टँड पाहिलं, बाजार पाहिला, ओढ्याचे दोन्ही काठ पाहिले. म्हातारी कुणाला दिसली नव्हती आणि तायव्वाही. आदल्या रात्रीच्या बायकांच्या दारातही गेले. एकीनेही केरसुणी परत दिली नाही. एकीने चहा मात्र आग्रहाने पाजला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या घरांमधून लाल चिंधीच्या केरसुण्या पाटावर बसल्या, हळदीकुंकू लावून. वेशीपलीकडची खोली मालकाने त्याच दिवशी दुसऱ्याला देऊन टाकली, हे त्यानेच मला सांगितलं. वाट तरी किती बघायची, म्हणाला.

पाडव्याला सकाळी दातीरसर पेढे घेऊन माझ्या घरी आले. पेपरात तीन रकाने आले होते. प्रेक्षकांनाच आरोपी करणारं धाडसी नाटक, असं काहीबाही. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोग ठरले होते. सरांचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळला होता. शेवट आता असाच ठेवायचा, त्यांनी पक्कं केलं होतं. रखमाने खाली उतरायचं, केरसुण्या वाटायच्या, दारात ती बाई भेटायची. केरसुण्यांची सोय व्हायची होती, घाऊक घेणार होते.

"तायव्वा सापडली तर उत्तमच, तिला काहीतरी मानधनसुद्धा देऊ," ते म्हणाले. "नाहीच सापडली तर दुसरं कुणीतरी बघू. पण ती थोबाडीत मात्र हुबेहूब तशीच यायला हवी. सगळा शेवट तिच्यावर आहे. तुला आठवतंय ना, तिने नेमकी कशी मारली?"

मी म्हटलं, आठवतंय. उठा, दाखवते.

सर मोठ्या हौसेने उठून उभे राहिले. पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला, चष्मा काढला, गाल माझ्याकडे केला. म्हणाले, "हात कुठून येतो ते मला नीट बघायचंय. सावकाश कर."

मी सावकाश केलं नाही.